कॉलेजात हिंदीसाठी भारतातून लँग्वेज असिस्टंट बोलवायचाय, होस्टला नक्की काय काय करावं लागतं?

कणीस_आणि_कविता

नमस्कार मंडळी,

मी ओहायोमधल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात हिंदी शिकवते. हिंदी विभाग म्हणजे मी एकटीच, आणि माझीही अर्धी नोकरी रिलिजन डिपार्टमेंटच्या दावणीला. पहिल्या वर्षाला पोरं बऱ्यापैकी येतात, दुसऱ्या वर्षाला निम्मी गळतात आणि तिसरं वर्ष म्हणजे इंडिपेंडंट स्टडीच्या नावाखाली माझ्या ऑफिसात बसून दोघातिघांशी गप्पा.

तर आता आमच्या डीनबाईंच्या मनात आलंय की फुलब्राइटचा, म्हणजे अमेरिकन सरकारच्या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या योजनेतला, एफएलटीए बोलवायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एफएलटीए म्हणजे फॉरेन लँग्वेज टीचिंग असिस्टंट. वेगवेगळ्या देशांतले २१ ते २९ वयाचे तरुण शिक्षक, बरेचसे तिकडे इंग्रजी शिकवणारे, एक शैक्षणिक वर्ष इथल्या कॉलेजात येऊन आपली भाषा शिकवायला मदत करतात आणि स्वतः सेमिस्टरला निदान दोन कोर्स करतात, त्यातला एक अमेरिकन स्टडीजचा. पैसा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा, कारभार आयआयई (इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन) ही संस्था बघते, भारतातली निवड यूसिफ (युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन) करते. कॉलेजच्या अंगावर साधारणपणे कोर्सची फी माफ करणं आणि राहण्या-जेवणाची सोय.

डीनबाईंचं म्हणणं, जवळजवळ फुकटात नेटिव्ह स्पीकर मिळतोय तर त्यात विचार कसला करायचा. सुपरवायझर अर्थातच मी. त्याचे वेगळे पैसे नाहीत, वर्कलोडमधून एक कोर्सही कमी होणार नाही, ते विचारलं तर "बघू" म्हणाल्या.

मला तीन-चार गोष्टी कळत नाहीयेत. एकतर त्या माणसाला काम काय द्यायचं, अख्खा वर्ग सोपवायचा की फक्त बोलण्याचा सराव? दुसरं, हाउसिंगवाले म्हणतायत फ्रेशमन डॉर्मच्या टोकाची खोली आहे ती देऊ, २७ वर्षांच्या शिक्षकाला अठरा वर्षांच्या पोरांच्या मधे ठेवायचं हे मला काही पटत नाहीये पण पर्याय म्हणून कोणी काय केलंय? सुट्ट्यांचं काय? आणि मुळात हे सगळं करून हिंदीला फायदा होतो का, की नुसता माझ्या डोक्याला ताप? ज्यांनी होस्ट केलंय किंवा स्वतः असिस्टंट होऊन गेलेत त्यांनी प्लीज मोकळेपणानं लिहा, प्रपोजल मलाच लिहायचंय.

---

पूर्वीची_असिस्टंट

मी स्वतः एफएलटीए होते, हिंदीचीच, मिडवेस्टमधल्या एका कॉलेजात. आता भारतात परत येऊन शिकवते. कॉलेजचं नाव घेत नाही कारण माणसं वाईट नव्हती, फक्त मी कोण आहे हे कोणी आधी ठरवलंच नव्हतं. इंटरनॅशनल ऑफिसच्या लेखी मी स्टुडंट, डिपार्टमेंटच्या लेखी टीचर, हाउसिंगच्या लेखी कोणीच नाही. लायब्ररीत पुस्तक घ्यायला गेले तर फॅकल्टीसारखं सेमिस्टरभर मिळणार की स्टुडंटसारखं ठराविक आठवडे, हे काउंटरवरच्या मुलाला सुद्धा सांगता येईना. हसण्यावारी नेता येतं पण अशा बारीकसारीक गोष्टी रोज घडल्या की माणूस थकतो.

कामाबद्दल विचारलंय तर सांगते, अख्खा वर्ग देऊ नका, निदान पहिल्या सेमिस्टरला तरी नाहीच. मी तिकडे इंग्रजीची शिक्षिका होते, हिंदी मी आयुष्यभर बोलत आलेय पण शिकवली कधीच नव्हती. पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं की "मैंने रोटी खाई" पण "मैं रोटी लाई" असं का, दोन्हीकडे रोटी आहे ना. मी दोन्ही वाक्यं चार वेळा म्हणून बघितली, बरोबर तर दोन्ही वाटत होती पण कारण सांगता येईना. प्रोफेसर शेजारी होत्या म्हणून निभावलं. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याला "ने" लागतो, "लाना" हे क्रियापद त्याला अपवाद आहे हे त्यांनी दोन मिनिटात सांगितलं. नेटिव्ह स्पीकरला चूक ऐकू येते पण ती का चूक आहे ते सांगायला शिकावं लागतं.

याउलट उच्चारात मी कामाची होते. क आणि ख, प आणि फ मधला फरक त्या पोरांना ऐकूच येत नाही सुरुवातीला. मग तोंडासमोर कागदाचा कपटा धरायचा, "खाना" म्हटलं की कपटा हलला पाहिजे, "काना" म्हटलं की हलता कामा नये. अर्धा तास नुसते कपटे उडत होते वर्गात. हे काम एका प्रोफेसरला वीस पोरांबरोबर एकेकट्यानं करायला वेळ मिळत नाही, असिस्टंटला मिळतो.

सुट्ट्यांबद्दल मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. थँक्सगिव्हिंगला नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी डायनिंग हॉल बंद, आणि बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवसापासून रविवारपर्यंत मील प्लॅन चालत नाही. डिसेंबरमध्ये तर डॉर्मच बंद करतात काही ठिकाणी. तेव्हा वॉशिंग्टन डीसीला एफएलटीएंची मिडइयर कॉन्फरन्स असते, तिच्यात थोडे दिवस जातात, पण पुढे जानेवारीत कॉलेज उघडेपर्यंत कुठे राहायचं ते कॉलेजनं सांगायचं असतं. मला नोव्हेंबरच्या शेवटी ईमेल आला की अमुक तारखेला खोली रिकामी करा. शेवटी केमिस्ट्रीच्या एका बाईंनी घरी ठेवून घेतलं, त्यांचा नि हिंदीचा काडीचाही संबंध नव्हता.

---

डीएस२०१९वाली

मी एका युनिव्हर्सिटीत इंटरनॅशनल ऑफिसमध्ये आहे, जे-१ (एक्स्चेंज व्हिजिटर व्हिसा) चे कागद रोजचेच, त्यामुळे माझं उत्तर थोडं कोरडं वाटेल, चालवून घ्या.

आधी हे बघा की तुम्ही फुलब्राइटमधून बोलवताय की थेट. फुलब्राइट असेल तर व्हिसाचा स्पॉन्सर तुमचं कॉलेज नसतं, डीएस-२०१९ फॉर्म (ज्यावर जे-१ व्हिसा मिळतो तो) तिकडूनच येतो. त्यामुळे पेपरवर्कचा मोठा भार तुमच्यावर नाही, पण नियम बदलायची सोयही तुमच्या हातात नाही. थेट एखाद्या परदेशी युनिव्हर्सिटीशी करार करून बोलवणार असाल, फ्रेंच-जर्मनवाल्यांकडे अशी पद्धत बरीच आहे, तर तुमच्या कॉलेजला परराष्ट्र खात्याकडून जे-१ स्पॉन्सर म्हणून मान्यता लागते. छोट्या कॉलेजात ती असतेच असं नाही, आधी विचारून घ्या.

इन्शुरन्सची जे-१ ची किमान अट ठरलेली आहे: एका आजाराला किंवा अपघाताला १,००,००० डॉलर, इमर्जन्सीत मायदेशी हलवायला ५०,०००, मृतदेह परत न्यायला २५,०००, आणि डिडक्टिबल (आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) ५०० च्या वर नाही. फुलब्राइटवाल्यांचा प्लॅन त्यांच्याकडून येतो. पण दात आणि चष्मा बहुतेक अशा प्लॅनमध्ये नसतात, येण्याआधी तिकडेच दातांचं काम उरकून या असं मुलाला किंवा मुलीला जूनमध्येच कळवा. इथे रूट कॅनलचं बिल हातात पडलं की स्टायपेंड कुठे गेला ते कळणार नाही.

सोशल सिक्युरिटी नंबरसाठी आल्याआल्या धावू नका, सिस्टिममध्ये नोंद पोचायला साधारण दहा दिवस द्यायचे आणि मग जायचं. तोवर पेरोल अडतो. तेव्हा ऑगस्टच्या शेवटी हातखर्चाला काहीतरी ऍडव्हान्स देता येतो का ते फायनान्सवाल्यांशी आत्ताच बोला, सप्टेंबरात बोलून उपयोग नाही. कॉलेज स्वतः पगार देत असेल तर पेरोलवाले सवयीनं ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे कापून मोकळे होतात. टॅक्सच्या दृष्टीनं नॉनरेसिडेंट असलेल्या जे-१ स्टुडंटना ते लागू नाही, पहिली पाच कॅलेंडर वर्षं. परत मिळतात पण हेलपाटे. टॅक्सला फॉर्म १०४०-एनआर आणि ८८४३ लागतात, कमाई शून्य असली तरी ८८४३ भरायचाच. भारताच्या मुलांना टॅक्स करारातल्या कलम २१ मुळे स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, बाकी बहुतेक देशांच्या मुलांना येत नाही, हे तुमच्या टॅक्स ऑफिसला माहीत असेलच असं धरून चालू नका.

आणि उशिरा येण्याची तयारी ठेवा. २०२५ मध्ये मेच्या शेवटी एफ, एम आणि जे व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणं काही आठवडे थांबवलं होतं, जूनमध्ये परत सुरू झालं तेव्हा सोशल मीडिया अकाउंट पब्लिक करण्याची अट आली. अशा वेळी ऑगस्टचा माणूस सप्टेंबरच्या मध्यावर पोचू शकतो, किंवा पोचतच नाही. फॉलचा एखादा कोर्स त्याच्याच भरवशावर कॅटलॉगमध्ये टाकला असेल तर पंचाईत.

---

अॅडजंट_कायमची

सगळ्यांनी कसं करायचं ते सांगितलं, करावं का हे कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलते.

"जवळजवळ फुकट" हे डीनचे शब्द नीट ऐका. एमएलएच्या (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन, भाषाशिक्षकांची संघटना) पाहणीत २०१६ ते २०२१ या काळात इंग्रजी सोडून इतर भाषांच्या वर्गांतली विद्यार्थीसंख्या १६.६ टक्क्यांनी घटली. वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीनं २०२३ मध्ये भाषांचे प्रोग्रॅमच छाटले. अशा दिवसात डीनला असिस्टंट हवाय तो भाषेच्या प्रेमापोटी की पुढच्या वर्षी पार्टटाइम शिकवणाऱ्याचे पैसे वाचवायला? मी जिथे होते तिथे आधी दुसऱ्या वर्षाचा कन्व्हर्सेशन कोर्स गेला, "असिस्टंट घेईल ना", मग पहिल्या वर्षाचा दुसरा सेक्शन गेला आणि मग मी गेले. त्या बिचाऱ्या मुलीला कल्पनाही नव्हती की ती कोणाच्या जागी बसलीय. तिचा राग नाही, पण दर ऑगस्टला नवा चेहरा, दर मेमध्ये निरोप समारंभ, यात प्रोग्रॅम उभा राहत नाही. पोरं माणसासाठी भाषा घेतात, तो माणूसच दरवर्षी बदलला तर तिसऱ्या वर्षाला कोण येणार?

आणि कणीसताई, तुमच्या वर्कलोडमधला कोर्स कमी होणार नसेल तर सरळ नाही म्हणा. सुपरव्हिजन हे काम आहे, उपकार नाही.

---

निवृत्त_मास्तर

अॅडजंटबाईंचा मुद्दा खरा आहे, पण अर्धा. असिस्टंट शिक्षकाच्या जागी आणला तर हे होणारच. शिक्षकाच्या बरोबर आणला तर हा प्रकार फार जुना आणि नीट घासून बघितलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करानं सैनिकांना घाईनं भाषा शिकवायला घेतल्या तेव्हा १९४३ च्या सुमाराला हीच जोडी लावली होती. भाषाशास्त्रज्ञ व्याकरण समजावून द्यायचा आणि ती भाषा घरी बोलणारा माणूस छोट्या गटाकडून तासन्‌तास म्हणून घ्यायचा. पुढे डार्टमथ कॉलेजात जॉन रॅसियस या फ्रेंचच्या प्राध्यापकांनी त्याला वेगळंच रूप दिलं, मुख्य वर्ग प्राध्यापकाचा आणि नंतर ड्रिलचा तास वेगळ्या माणसाचा, तोही बऱ्याचदा वरच्या वर्गातला विद्यार्थी. ड्रिलमध्ये व्याकरण शिकवायचंच नाही, झरझर प्रश्न, चुटक्या वाजवायच्या, बोट एकाकडे आणि नजर दुसऱ्याकडे, थांबायला वेळच द्यायचा नाही. ड्रिल घेणाऱ्याला "का" हा प्रश्न आला की उत्तर ठरलेलं, ते मुख्य वर्गात विचार. वर पूर्वीची_असिस्टंट यांना "ने"नं जे अडवलं ते अशा मांडणीत अडवतच नाही.

म्हणून माझा सल्ला, प्रपोजलमध्ये असिस्टंट काय करणार हे लिहायच्या आधी काय करणार नाही ते लिहा. ग्रेड देणार नाही. एकटा परीक्षा घेणार नाही. सिलॅबस बनवणार नाही. सुपरवायझर सबॅटिकलवर (अभ्यासरजेवर) गेला तर त्याचा कोर्स चालवणार नाही. हे डीनच्या सहीनिशी कागदावर असलं की अॅडजंटबाईंना जे भोगावं लागलं त्याला निदान आडकाठी राहते.

नियमात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम आहे. हे वीस तास भरायचे आहेत असं समजू नका, ती वरची मर्यादा आहे. चार सेक्शन कन्व्हर्सेशनचे धरा, तेवढाच वेळ तयारीला, दोन तास लँग्वेज टेबल (जेवताना त्या भाषेत गप्पा), तीनेक तास पोरांनी येऊन बोलायला, एखादी संध्याकाळ सिनेमाची, एक तास तुमच्याबरोबर बसायचा. सोळा झाले. उरलेले चार मोकळेच ठेवा कारण ऍडमिशन ऑफिस, डायव्हर्सिटी ऑफिस, गावातली शाळा, सगळ्यांना "आमच्याकडे इंडियातून एक जण आलाय" म्हणून तो हवा असतो.

---

पूर्वीची_असिस्टंट

मास्तर, ते शेवटचं अगदी खरं!! मला एका सेमिस्टरमध्ये साडी नेसून किती ठिकाणी उभं केलं ते विचारू नका. मला साडी नेसायला आवडते हो, पण माझं एमए इंग्रजी साहित्यात आहे आणि माझ्याशी कोणी एखाद्या कादंबरीबद्दल बोललं असतं तर जास्त बरं वाटलं असतं. होळी, दिवाळी, समोशाचा स्टॉल, मेंदी. मेंदी मला येत नाही हे सांगून सुद्धा कोन हातात दिला.

अॅडजंटताई, तुमच्याबद्दल वाचून वाईट वाटलं. मी पण कोणाच्या जागी होते का हे मला कोणी सांगितलं नाही आणि विचारायचं मलाही सुचलं नाही. पण एक सांगते, पोरं माणसासाठी भाषा घेतात म्हणालात ना, आमच्याकडे तो माणूस प्रोफेसरच होत्या. माझ्याकडे पोरं यायची ती मी त्यांच्या वयाजवळची होते म्हणून, चुकायला लाज वाटायची नाही म्हणून. दोन्ही लागतं.

लँग्वेज टेबलबद्दल: डायनिंग हॉलच्या कोपऱ्यातलं टेबल, वर पाटी, संध्याकाळी सहा वाजता. पहिले दोन आठवडे गर्दी, मग एकच मुलगा, आणि तोही पिझ्झा संपला की उठायचा. गप्पा मारा म्हटलं की कोणी मारत नाही, कोणत्याही भाषेत. मग मी दर आठवड्याला एक काम ठेवायला लागले, म्हणजे आज ताटातल्या पदार्थांची तक्रार करायची, आज रूममेटची, आज घरमालकाशी भाड्यावरून भांडायचं. तक्रारीला पोरं कधीच कमी पडत नाहीत. भूतकाळ सगळा तक्रारीतच पक्का झाला त्यांचा.

---

कणीस_आणि_कविता

बापरे, इतकं सविस्तर! सगळ्यांचे मनापासून आभार.

अॅडजंटताई, तुमचं वाचून दोन दिवस डोक्यात तेच होतं. आमच्याकडे हिंदीचा दुसरा कोणी पार्टटाइम नाही त्यामुळे कोणाची भाकरी जात नाहीये, पण माझंच पद अर्धं आहे ते पूर्ण करा म्हणून मी किती वर्षं मागे लागलेय आणि असिस्टंट आला की ती फाइल बंद होईल ही भीती मला आहेच. मास्तरांचं ते "काय करणार नाही" मी उचलतेय.

दोन प्रश्न राहिले. माझ्या वर्गात निम्मी मुलं देशी घरातली आहेत, कळतं सगळं पण बोलायला सांगितलं की इंग्रजीत उत्तर. यांचा आणि नवख्यांचा कन्व्हर्सेशन गट वेगळा करावा का? आणि डॉर्मचं काय? कॅम्पसला भाषेचं वेगळं घर असतं तर प्रश्न नव्हता, मिडलबरीसारख्या कॉलेजात लँग्वेज हाउस असतात, पोमोना कॉलेजात १९६६ मध्ये उघडलेलं ओल्डनबोर्ग सेंटर होतं, तिथे भाषेनुसार राहणं आणि दुपारी जेवणाला भाषेनुसार टेबलं असायची. आमच्याकडे हिंदीची सगळी पोरं धरली तरी एक घर भरणार नाही.

---

निवृत्त_मास्तर

गट वेगळे करा, डोळे झाकून. एकत्र बसवलं की घरून आलेली मुलं भराभर बोलून मोकळी होतात किंवा अजिबात बोलत नाहीत, नवखी नुसती ऐकत राहतात. घरच्या मुलांना असिस्टंट दुसऱ्या कारणासाठी हवा. त्यांची हिंदी आई-आजीशी बोलायची, तिच्यात "तू" आणि "खाना खा ले" सगळं आहे पण बँकेत किंवा अनोळखी माणसाशी बोलायचं "आप"वालं काहीच नाही. त्यांना असिस्टंटशी पहिला महिना आप म्हणूनच बोलायला लावा. वर्गात ९० टक्के वेळ तरी ती भाषाच वापरावी अशी एसीटीएफएलची (अमेरिकेतली परकीय भाषा शिकवणाऱ्यांची संघटना) शिफारस आहे, प्राध्यापकाला ते अवघड जातं कारण समजावून सांगावं लागतं. असिस्टंटला समजावायचंच नसल्यामुळे त्याच्या तासाला ते खरोखर होऊ शकतं.

---

डीएस२०१९वाली

डॉर्मबद्दल: फ्रेशमन डॉर्म नको, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. ग्रॅज्युएट हाउसिंग नसेल तर बाकीच्या भाषांच्या विभागांना विचारा. फ्रेंच, स्पॅनिश, अरबीवाल्यांकडे पण असे असिस्टंट येत असतील तर कॉलेजच्या मालकीचं एखादं छोटं घर चौघांना मिळून देता येतं. स्वयंपाकघर असलं पाहिजे ही अट घाला, बाकी काही नसलं तरी चालेल. स्वयंपाकघर असलं की सुट्टीतला मील प्लॅनचा प्रश्न अर्धा सुटतो आणि शाकाहारी असेल तर रोजचाच सुटतो. गावात बस नसेल तर आठवड्यातून एकदा किराण्याला गाडी कोण नेणार तेही आत्ताच ठरवा, ते काम तुमच्याच गळ्यात पडू देऊ नका.

आणखी एक गोष्ट जी कुठल्या ओरिएंटेशनमध्ये धड सांगत नाहीत. आमच्याकडे एका असिस्टंटनं पोरांना रोज पाच ओळी डायरी लिहायला सांगितली होती, त्या भाषेत. एका मुलानं मोडक्यातोडक्या वाक्यात असं काहीतरी लिहिलं की वाचणाऱ्याला काळजी वाटावी. असिस्टंटला कळेना की हे भाषेच्या मर्यादेमुळे असं झालंय की खरंच त्याला तसं म्हणायचंय, आणि सांगायचं कोणाला, की सांगायचंच नाही कारण डायरी खाजगी. सुदैवानं ती त्याच दिवशी प्रोफेसरकडे गेली. टायटल नाइन (लैंगिक भेदभाव आणि छळाविरुद्धचा कायदा), फर्पा (विद्यार्थ्यांची शैक्षणिक माहिती खाजगी ठेवण्याचा कायदा), काउन्सेलिंगचा नंबर, हे सगळं ट्रेनिंग फॅकल्टीला असतं तसं असिस्टंटलाही ऑगस्टमध्येच द्या. विद्यार्थी म्हणून नोंद असल्यामुळे त्यांचं नाव त्या यादीतून गळतं. पोरांच्या आईवडिलांचे मार्कांबद्दल ईमेल आले तर उत्तर द्यायचं नाही हे सुद्धा सांगावं लागतं, आपल्याकडच्या शिक्षकाला ते उद्धटपणाचं वाटतं.

---

अॅडजंट_कायमची

ठीक आहे, कागदावर अटी असतील तर माझा विरोध थोडा मवाळ करते. पण मग प्रपोजलमध्ये हेही घाला की असिस्टंट आहे त्या काळात हिंदीच्या शिकवणाऱ्या फॅकल्टीचे तास कमी होणार नाहीत, आणि वर्षाच्या शेवटी पोरं किती वाढली त्यावरून तुमच्या पूर्ण पदाचा विचार होईल. डीन सही करणार नाहीत कदाचित. नाही केली तर तेही उत्तरच आहे.

बाकी तो मुलगा/मुलगी येईल त्याला दोन वर्षांच्या नियमाबद्दल कोणीतरी नीट सांगा हो. मी दोघांना रडताना बघितलंय.

---

पूर्वीची_असिस्टंट

हो, हे महत्त्वाचं. फुलब्राइटवर आलं की परत जाऊन दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच-१बी किंवा एल व्हिसा, किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. गोंधळ असा होतो की डिसेंबर २०२४ मध्ये स्किल्स लिस्टमधून (कुठल्या देशाच्या कुठल्या क्षेत्रातल्या लोकांना हा नियम लागतो त्याची यादी) भारताचं नाव काढलं, त्यामुळे व्हॉट्सॅपवर फिरायला लागलं की भारतीयांना आता दोन वर्षांचा नियम नाही. तो फक्त लिस्टमुळे नियम लागू झालेल्यांसाठी. सरकारी पैशावर आलेल्यांना तो आहेच, आणि फुलब्राइटवाल्यांना त्यातून सूट मिळणं जवळजवळ अशक्य. तिकडे सही करताना सगळं सांगतात पण तेव्हा अमेरिकेला जायच्या आनंदात कोण वाचतंय. मार्चमध्ये एखाद्या प्रोफेसरनं "पीएचडीला इथेच थांब की" असं प्रेमानं म्हटलं की मग घोळ सुरू होतो. तुम्ही तसं म्हणू नका, निदान इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय. मला स्वतःला परत यायचंच होतं म्हणून काही वाटलं नाही.

---

कणीस_आणि_कविता

अपडेट: काल डीनबाईंशी बसले. "काय करणार नाही"ची यादी त्यांनी वाचली आणि ग्रेड व परीक्षेचं लगेच मान्य केलं. सबॅटिकलच्या ओळीवर थोडा वेळ थांबल्या (म्हणजे डोक्यात तेच होतं!) पण राहू दे म्हणाल्या. फॅकल्टीचे तास कमी होणार नाहीत ही ओळ प्रोव्होस्टकडे (डीनच्या वरचे अधिकारी) गेलीय. माझा एक कोर्स कमी करायला तयार नाहीत, त्याऐवजी थोडा स्टायपेंड देतो म्हणाल्या, मी कोर्सवरच अडून बसलेय. फ्रेंचवाल्यांकडे दरवर्षी एक असिस्टंट येतो हे मला इतकी वर्षं शेजारच्या मजल्यावर बसून माहीत नव्हतं, तर त्यांच्याबरोबर मिळून स्वयंपाकघरवालं घर मागतोय. सुट्टीत डायनिंग बंद असेल त्या दिवसांचे जेवणाचे पैसे द्यायचं आत्ताच लेखी मिळालं.

एक शेवटचं, इथल्या देशी कुटुंबांनी आत्तापासूनच विचारायला सुरुवात केलीय की असिस्टंट आला की आमच्या मुलांची शनिवारी हिंदीची शिकवणी घेईल का, पैसे देऊ. चालतं का हे?

---

डीएस२०१९वाली

नाही. कॅम्पसबाहेर पैसे घेऊन काम करायला स्पॉन्सरची लेखी परवानगी लागते. रोख घेतले, पाकिटात घातले, गिफ्ट कार्ड दिलं, तरी ते कामच. व्हिसा त्याचा जाईल, शिकवणी लावणाऱ्यांचा नाही. कुटुंबांना थँक्सगिव्हिंगला जेवायला बोलवायला सांगा, त्याला परवानगी लागत नाही. आणि प्रोव्होस्टचं काय झालं ते इथे लिहा, माझ्याही ऑफिसात हीच फाइल पडलीय.